सांडपाण्याचा हिशेब मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज नदीवर बोलायचे आहे. तालुक्याच्या गावाखाली नदीकाठी आपल्यापैकी अनेकांची वावरे आहेत. उन्हाळ्यात नदी आटते, तरी पात्रात एक काळी धार वाहतच असते. ती गटाराची. बैल त्या पाण्याला तोंड लावत नाही. काठच्या विहिरींना वास येतो, आणि त्याच विहिरींचे पाणी आपण पितो.

आम्ही साधा हिशेब मांडला. ३० हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरा. त्यातले ८० टक्के मोरीतून बाहेर पडते. म्हणजे रोज सुमारे ३२ लाख लिटर. एकरभर रानाला दोन इंच पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे रोज १६ एकरांचे ओलीत गटारात जाते. बोंडे भरताना पऱ्हाटीला किंवा पोटरीतल्या ज्वारीला एक पाणी मिळाले तर काय फरक पडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

हे पाणी शुद्ध करता येते. आधी जाळीने चिंध्या-प्लास्टिक अडवायचे, मग वाळू खाली बसू द्यायची. पुढच्या टाकीत हवा सोडली की जिवाणू घाण खातात. उकिरड्यात खत कुजते तेव्हा जे होते, तेच इथे पाण्यात होते. मग गाळ बसतो आणि वरचे पाणी क्लोरीन देऊन सोडतात. मात्र हवा सोडणारी यंत्रे विजेवर चालतात. वीज तुटली की जिवाणू गुदमरतात आणि घाण जशीच्या तशी नदीत येते.

मेख इथेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याला केंद्रच नाही, आणि बांधलेल्यातली एक तृतीयांशाहून जास्त क्षमता पडून. फीत कापायला पुढारी येतात, वीजबिल भरायला कोणी येत नाही.

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी केंद्रे उभारायला तीन वर्षांची मुदत दिली, तीही कधीच सरली. आणि या पाण्याला मोल नाही असे कोणी म्हणू नये. नागपूरच्या भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीचे वीज केंद्र पैसे मोजून घेते.

आपलेही चुकते. फवारणीचे डबे नाल्यात धुणारे आपणच आहोत. ते आजपासून बंद. गटाराचे कच्चे पाणी भाजीपाल्याला देऊ नका, त्यातून जंत घरात येतात.

नगरपालिकेकडे आपल्या मागण्या तीन. केंद्राचे वीजबिल आणि पाणी-तपासणीचा दाखला दर महिन्याला खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. केंद्र बंद पडले तर त्याच दिवशी खालच्या गावांना कळवावे. शुद्ध पाण्यावर पहिला हक्क ज्यांनी इतकी वर्षे घाण सोसली त्या गावांचा असावा.

पुढच्या बैठकीला जाल तेव्हा केंद्र बांधले का, एवढेच विचारून परत येऊ नका. काल ते किती तास चालले, ते विचारा.