मुदत कुणी ठरवली, तारीख कुणी लिहिली?

(धारूर येथे ऊसतोड कामगार बाया आणि नोकरी-प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुली यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण.)



आज इथं दोन पिढ्या एका सतरंजीवर बसल्या आहेत. एकीकडे दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. दुसरीकडे त्यांच्याच मुली. शिकलेल्या, पदविका घेतलेल्या, शहरातल्या कचेरीत ‘इंटर्नशिप’ करून आलेल्या. इंटर्नशिप म्हणजे काम शिकायचं म्हणून काही महिने एखाद्या ठिकाणी राबायचं. पगार थोडा, नाहीतर नाहीच.

आईचं काम फडात, मुलीचं संगणकावर. पण एक गोष्ट दोघींना सारखीच लागू आहे. कामाची मुदत दुसरा ठरवतो आणि ती चुकली की भरपाई आपण करतो. आज मला याच मुदतीबद्दल बोलायचं आहे.

आपल्यातल्या एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीनं सांगते. नाव सांगत नाही. ती जाहिराती, खोक्यांवरची चित्रं, माहितीपत्रकं तयार करणाऱ्या एका डिझाइनच्या कचेरीत तीन महिने होती. संध्याकाळी सहाला साहेब सांगायचे, “उद्या सकाळी हवं.” माप किती, मजकूर कुणी द्यायचा, पसंत कोण करणार, काही नाही. ही रात्रभर जागायची. सकाळी उत्तर मिळायचं, “असं नव्हतं सांगितलं.” पुन्हा नवं सांगणं, मुदत मात्र तीच. महिनाअखेरीला शेरा मिळाला, ‘वेळेचं भान नाही.’

तिनं तो शेरा खरा मानला. आपण खेड्यातल्या, आपलं इंग्रजी कच्चं, आपणच सावकाश. मग आम्ही तिच्यासोबत बसून कागदावर मांडलं. कोणतं काम कधी सांगितलं, मध्ये काय बदललं, कधी दिलं. पाच कामं उशिरा झाली होती. त्यांतल्या चार कामांत सूचना मधेच बदलली होती. काम बदललं, तारीख बदलली नाही, आणि ती बदलायला हवी हे कुणी बोललं नाही. साहेबांना बोलायची गरज नव्हती. तिला वाटायचं, विचारलं तर म्हणतील हिला काही येत नाही.

पुढं तिनं तीन गोष्टी धरल्या. काम मिळालं की त्याच दिवशी चार ओळी लिहून साहेबांना पाठवायच्या: काय करायचं, कोणत्या मापाचं, पसंत कोण करणार, कधीपर्यंत. दुसरं, निम्मा वेळ गेला की कच्चं चित्र दाखवायचं, म्हणजे ‘असं नव्हतं’ हे शेवटच्या सकाळी ऐकावं लागत नाही. तिसरं, काम पुरं होणार नसेल तर ते आदल्या दिवशीच सांगायचं: एवढं झालं, एवढं उरलं, अमुक वेळेला देते. माफी मागत नाही, हिशेब देते.

यानं जादू झाली नाही. साहेब कुरकुरले. पण दोन कामांची तारीख पुढं गेली, आणि तो शेरा पुन्हा आला नाही. मुलींना ‘संवादकौशल्य’ शिकवणारे वर्ग हल्ली गल्लोगल्ली आहेत. तिथं हसून बोला, आत्मविश्वासानं बोला असं शिकवतात. प्रश्न विचारणं हा कामाचाच भाग आहे, हे फार थोडे शिकवतात.

आता आयांकडे येते. मुकादमाला चार ओळी पाठवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. टोळीत बाईचं नाव हिशेबाला नसतंच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेणार नवरा, बोलणं पुरुषापुरुषांत. खाडा झाला तर मात्र दोघांच्या मजुरीतून कापणार. रात्री गाडी भरायला उठायचं, पाळी असो की ताप. अशी कामाची घडी बाईच्या शरीरावर काय करते ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढल्याचं पुढं आलं. आजारपणाचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण बायांनीच सांगितलं आहे.

म्हणून फडातलं बोलणं एकटीचं असून चालत नाही. उचल किती, कधी घेतली, खाडे किती धरले, हे बाईच्या वहीत हवं. लिहिता येत नसेल तर मुलीनं लिहावं. आणि हिशेबाच्या दिवशी चार-पाच जणींनी मिळून ती वही पुढं ठेवावी.

दुसरी बाजूही पाहा. काही मुदती वरच्यांनाही बांधतात. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, अशी तरतूद होती. पण तोंडी मागणाऱ्या बाईचे पंधरा दिवस कधी सुरूच झाले नाहीत, कारण तारखेची पावती तिच्या हातात नव्हती. तारीख कागदावर आली तरच मुदत धावायला लागते.

१९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात शिकाऊ मुलीही येतात, पगार मिळो न मिळो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ही मुदत आपल्यालाही बांधते, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका.

प्रत्येक मंडळानं एक वही घालावी. कुणी, कुणाला, काय सांगितलं, कोणत्या तारखेला. आई फडावरून येईल, मुलगी कचेरीतून येईल, दोघींची पानं त्याच वहीत. मुदत ठरवताना आपल्याला विचारत नसतील तर आपण त्यांना विचारू या, आणि उत्तर तारखेसह लिहून घेऊ या.