रेघांच्या चित्रात बाई कुठे आहे?

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आत्ता जी चित्रं हातोहात फिरवली, ती पाहून दोघी-तिघींनी विचारलं, "यात बाई कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या पोस्टरवर वळलेली मूठ असते, बाईचा चेहरा असतो, तुटलेली साखळी असते. नसरीन मोहमदींच्या चित्रांत नुसत्या रेघा. पेन्सिलीच्या, शाईच्या, केसाइतक्या बारीक. चित्राला नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही.

नसरीन १९३७ साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या. १९७२ पासून त्या बडोद्याच्या विद्यापीठात कला शिकवत होत्या. १९९० साली किहीमला वारल्या. त्यांच्या काळी बडोद्यात माणसांची, गोष्ट सांगणारी चित्रं काढणाऱ्यांचा जोर होता. १९८१ चं 'प्लेस फॉर पीपल' हे गाजलेलं प्रदर्शन त्याच विचाराचं. अशा वेळी रेघा आखत बसणं म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणं, असं कुणालाही वाटेल. मला मात्र ते पटत नाही. चित्रातल्या बाईकडून अपेक्षा काय असते? तिनं आपलं दुःख दाखवावं, नाहीतर आपला देह. ही बाई दोन्ही देत नाही. ती मोजते, आखते, अंतर राखते. शेवटच्या वर्षांत आजारानं शरीरावरचा ताबा सुटत चालला, तरी कागदावरची रेघ डळमळली नाही.

अर्थात, त्या खात्यापित्या घरच्या होत्या. कागद, आखणीची साधनं आणि एकटीचा वेळ त्यांना मिळाला. हे विसरून चालणार नाही.

कारण आपल्या कळमनुरी-सेनगावकडच्या गोधडीतही भूमितीच आहे. जुन्या लुगड्यांचे थर, वर चौकोन-त्रिकोणांची ठिगळं, धावदोऱ्याच्या समांतर ओळी. तांड्यावरच्या फेटियावर आरशांभोवती चौकोनच भरलेले असतात. पण इथे चौकोन किती मोठा, हे उरलेल्या कापडावर ठरतं. आणि शिवायचा वेळ म्हणजे शेतातून आल्यावर, भांडी झाल्यावर उरेल तो. या कामाला कुणी चित्र म्हणत नाही, 'बायकांचा उद्योग' म्हणतात.

हे फक्त इथलंच नाही. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस नावाची कलाशाळा निघाली. बोलणं बरोबरीचं, पण मुलींना बहुतेक विणकामाकडेच धाडत. त्यातल्याच अ‍ॅनी अल्बर्सनी मागावर अशी भूमिती विणली की १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला तिचं प्रदर्शन भरवावं लागलं. त्याच शहरात १९७१ साली व्हिटनी संग्रहालयानं जुन्या अमेरिकन गोधड्या भिंतीवर टांगल्या. लोक थक्क झाले: या तर आपल्या आधुनिक चित्रकारांसारख्या दिसतात! वास्तविक गोधड्या आधीच्या, चित्रं नंतरची. पण मोठेपण मोजायला माप पुरुषांच्या चित्रांचं. आणि गोधड्या शिवणाऱ्या बहुतेकींची नावं तोवर पुसली गेली होती.

नसरीननी चित्रांना नावं दिली नाहीत, ती त्यांची निवड होती. आपल्या आज्यांना निवड कुणी विचारली?

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरची एक गोधडी आणा. कुणी शिवली, कोणत्या सालच्या सुमारास, कुणाच्या लुगड्याची, ते वहीत लिहून घेऊ. शिवणारीचं नाव पहिल्या रकान्यात. 'अमक्याची आई' असं लिहायचं नाही.