खुर्चीचा मान आणि शब्दाचा मान

(गगनबावडा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावरील या गावी बोलावयास उभे राहिले म्हणजे पहिली आठवण होते ती पावसाची. ज्या पावसात बाहेरगावचा पाहुणा ओसरीवरून खाली पाऊल टाकीत नाही, त्या पावसात डोईवर इरले किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन, चिखलात दिवसभर ओणवे राहून भाताची रोपे लावणारे हात बहुतांशी बांगड्या भरलेले असतात. घरचा पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस किंवा कोल्हापुरास असला, तर शेत, गुरे, मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी हा सगळा कारभार तेच हात पाहतात. मी बांगड्यांपासून आरंभ करीत आहे, त्यास कारण आहे.

आपल्या राजकारणात बांगडीला एक वेगळाच अर्थ चिकटला आहे. एखाद्या अधिकाऱ्याने काम केले नाही, की मोर्चा येतो आणि त्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवला जातो. (येथील काही सहकाऱ्यांना तो आहेर मिळालाही असेल, मी नावे विचारीत नाही.) व्यासपीठावरून पुढारी गरजतात, ‘आम्ही काही बांगड्या भरलेल्या नाहीत.’ या वाक्याचा सरळ अर्थ असा, की बांगड्या भरणारा माणूस दुबळा, भित्रा आणि निकामी. हे वाक्य बोलणाऱ्याच्या घरची भातलावणी कोणी केली, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही. खेदाची गोष्ट ही, की अशा मोर्च्यांत पुष्कळदा स्त्रियाच पुढे असतात आणि स्वतःच्या हातातील वस्तू शिवी म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतात. अधिकाऱ्याने काम केले नसेल तर त्याच्या कामाचा जाब विचारावा. त्यासाठी त्याला स्त्री ठरविण्याची गरज काय?

हीच बांगडी दुसऱ्या प्रसंगी फोडली जाते. आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा यापुढे गावात पाळल्या जाऊ नयेत. पुढे दोनच आठवड्यांत, १७ मे रोजी, राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. हा ठराव पुरुषांविरुद्ध स्त्रियांनी केलेला नव्हता. गावाने एकत्र बसून आपल्याच एका रूढीविरुद्ध तो केला होता. स्त्रीवाद हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. पण हेरवाडच्या चावडीत जे घडले त्याला दुसरे नाव शोधणे कठीण आहे.

आणि करवीरच्या मातीत हे नवीनही नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवा-पुनर्विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याला आळा घालणारा कायदा १९१९ मध्ये केला. राजपुत्र शिवाजी यांचे १९१८ मध्ये अकाली निधन झाले, तेव्हा रूढीचा विरोध न जुमानता त्यांनी आपल्या विधवा सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था केली. दुसऱ्याच्या घरासाठी कायदा करणे सोपे असते. महाराजांनी तो आपल्या घरापासून पाळला.

आता खुर्चीविषयी. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. विधानसभेत मात्र असे आरक्षण नसल्याने २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २१ च स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे खुर्चीच्या बाबतीत ग्रामपंचायत विधानसभेच्या पुष्कळ पुढे आहे. परंतु खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीचा शब्द सभेत चालतो काय? सरपंचपतींचा कारभार इतका सर्वत्र फैलावला, की केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये त्यासाठी खास सल्लागार समिती नेमावी लागली.

इतरांना दोष देण्यापूर्वी माझा एक दोष सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी पाणीपुरवठा योजनेच्या उद्घाटनाचे वृत्त मी तयार केले. सरपंच बाई व्यासपीठावर होत्या. भाषण त्यांच्या यजमानांनी केले. वृत्त नीट दिसावे म्हणून मी ‘सरपंचांनी सांगितले’ असे लिहून वाक्ये यजमानांची घातली. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. “साहेब, मी असं बोललेच नव्हते. मला विचारलं असतं, तर पाणी वरच्या वाडीला चढत नाही हे सांगितलं असतं.” मी निरुत्तर झालो. मी त्यांचे नाव छापले, छायाचित्र छापले, मान देण्यात कसूर केली नाही. वरच्या वाडीच्या बायका मात्र डोक्यावर हंडे घेऊन चढतच राहिल्या, कारण ज्यांना ते ठाऊक होते त्यांना मी विचारलेच नाही.

आपण स्त्रीला मान देतो, असे आपण फार सहजपणे म्हणतो. ‘वहिनी, तुम्ही बसा, आम्ही बघतो,’ हेही आदरानेच म्हटले जाते. यातील ‘आम्ही बघतो’ हे शब्द घातक आहेत. माझ्या मते ज्याच्याशी आपण मुद्द्यावर वाद घालतो, त्यालाच आपण खरोखर बरोबरीचा मानतो. स्त्री सदस्याचे म्हणणे ती स्त्री आहे म्हणून मान्य करावे, असे मुळीच नाही. तिचा हिशेब चुकला असेल तर आकडे दाखवून खोडावा. पण तिच्या पदराविषयी, तिच्या घरी परतण्याच्या वेळेविषयी, तिच्या यजमानांविषयी बोलू लागलो, की आपल्याजवळ मुद्दा उरलेला नाही असे समजावे. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. घरी स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाला ‘बायकोचा बैल’ म्हणून हसणाऱ्यांत स्त्रियाही असतात.

१८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तिला उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रीचे म्हणून सांगितले जातात, ते पुरुषात नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. टीका पुष्कळ झाली. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही, आणि हेही पुस्तक विस्मृतीत गेले. डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले ते १९७५ साली. एका बाईच्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देण्याऐवजी समाज किती वर्षे गप्प राहू शकतो, याचा हा हिशेब आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावचे. तेथील महिला सरपंचांना, त्या सरकारी जागेवरील घरात राहतात या आरोपावरून, अपात्र ठरविण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अपात्रता रद्द केली आणि एक स्त्री सरपंच झाली हे वास्तव गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, अशा आशयाचे मत नोंदविले. आरोप करणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. परंतु तो आरोप कामाविषयी आहे की खुर्चीवर स्त्री बसली याविषयी आहे, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्याच टेबलावर पाहावयास हवे होते.

शिक्षक मित्रांना एकच विचारतो. शाळेत पाहुणे येणार असले, की रांगोळी आणि झाडलोट मुलींकडे, बाके हलविणे मुलांकडे, हे वाटप कोणत्या परिपत्रकाने केले? मी तरी असे परिपत्रक पाहिलेले नाही.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक तरतूद ठाऊक आहेच: प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. तिचे इतिवृत्त पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरते असते. पुढील वेळी त्यात कोण काय म्हणाले, कोणी विरोध केला आणि का केला, हे लिहून ठेवा. विरोध लिहिण्यास कचरू नका.

माझे बोलणे येथे थांबवितो. प्रश्नांना वेळ आहे. या सभागृहातही भगिनी मागच्या बाकांवर बसल्या आहेत, हे मी आल्यापासून पाहतो आहे. पहिला प्रश्न तिकडून यावा. तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असला तरी चालेल.