ठिणगी आणि कोठार



२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महायुद्ध पेटले, असे आपण शाळेत शिकलो. आमच्या मते ती केवळ ठिणगी होय. दारूचे कोठार आधीच भरले होते.

१८७१ साली विजयी जर्मनीने फ्रान्सकडून अल्सास व लोरेनचा काही भाग हिसकावला. तेथील प्रतिनिधींनी बोर्दोच्या राष्ट्रसभेत निषेध केला. तो व्यर्थ गेला. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोव्हिना खालसा केला. तेथेही प्रजेला विचारले कोणी? फ्रान्सची जखम भरली नाही, सर्बियाचा संताप निवला नाही.

त्यात १८८२ चा त्रिराष्ट्र करार, १८९४ चा फ्रान्स-रशिया करार आणि ब्रिटन-जर्मनीची युद्धनौकांची चढाओढ. म्हणूनच २८ जुलैला दोन राष्ट्रांत जुंपलेले युद्ध ४ ऑगस्टपर्यंत युरोपभर पसरले.

१९१९ साली अल्सास-लोरेन फ्रान्सला परत मिळाले, तेही सार्वमताविना. श्लेस्विगमध्ये मात्र १९२० साली लोकांचा कौल घेतला गेला. डेन्मार्क-जर्मनीची ती सीमा आजही टिकून आहे. तहनामे सीमा आखतात. त्या टिकतात लोकांच्या संमतीने, एवढेच आमचे सांगणे आहे.