वकील नेमा, पण दावा आपल्या हातात ठेवा

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. फौजेत तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर बडोद्यात राहतो. आमच्या भागातले माजी सैनिक, त्यांच्या घरच्या बायका, छोटे दुकानदार कागदांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, वकील कोणता करू?" मी कुणाचंच नाव सुचवत नाही. वकील कसा निवडायचा आणि नेमल्यावर काय सांभाळायचं, एवढं सांगतो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, कोर्ट कुठलं ते बघा. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं. राहतो इंदूरला किंवा हैदराबादला, आणि भावकीचा वाद साताऱ्याकडच्या घराचा. घर-जमिनीचा दावा साधारणपणे मिळकत जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो. तेव्हा इंदूरचा ओळखीचा वकील कितीही हुशार असला, तरी तारखेला उभा राहणारा माणूस त्या तालुक्यातला हवा. घटस्फोटाचं वेगळं आहे. हिंदू विवाह कायद्यात लग्न जिथे झालं, समोरची व्यक्ती जिथे राहते किंवा दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले, तिथे अर्ज करता येतो. अर्ज करणारी पत्नी असेल तर ती राहते तिथेही. मुलगी सुरतेला माहेरी आली असेल तर तिला अर्ज करायला सासरच्या गावी जावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. चांगला वकील शोधता शोधता लोक मुदत घालवून बसतात. गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. साध्या उधारीच्या वसुलीला सहसा ३ वर्षं असतात. आणि तुम्ही उद्यम नोंदणी असलेले छोटे उत्पादक असाल, माल दिला आणि ४५ दिवसांनंतरही बिल थकलं असेल, तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा, "हा रस्ता मला लागू आहे का?"

त्या पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या. कधी काय घडलं, कोणता कागद आहे, कोणता नाही. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगा. ती समोरच्या वकिलाकडून कोर्टात कळली तर आपल्या वकिलाला तिथे काही करता येत नाही. मग चार प्रश्न विचारा. अशी प्रकरणं तुम्ही चालवता का? तारखेला स्वतः उभे राहाल की ज्युनियर? फी एकरकमी की टप्प्याटप्प्याने? कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च त्यात धरला आहे का? उत्तरं लिहून घ्या, पैशांची पावती घ्या. "जिंकलात तर इतके टक्के द्या" असा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. आणि निकालाची हमी देणाऱ्याकडून सरळ उठून या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वकीलपत्र. छापील कागद असतो, लोक न वाचता सही करतात. त्यात बहुतेक वेळा तडजोड करणं, दावा काढून घेणं, पैसे स्वीकारणं असे अधिकार लिहिलेले असतात. कोणते द्यायचे ते विचारून ठरवा. "मला विचारल्याशिवाय तडजोड नाही" हे लेखी कळवा. परप्रांतात कागद गुजराती, कन्नडमध्ये असेल तर घरातल्या कुणाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.

एका दिवंगत सुभेदाराच्या पत्नीचं सांगतो. दिरांनी घराच्या वाटपाचा दावा लावला. यांनी वकील नेमला, फी दिली. दर वेळी कारकून सांगायचा, "तारीख पडली, तुम्ही यायची गरज नाही." वर्षभराने दीर निकालाची नक्कल घेऊन दारात उभे. निकाल एकतर्फी, कारण यांच्या बाजूने कोर्टात कुणी उभंच राहिलं नव्हतं. एकतर्फी निकाल रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. ती मुदत टळलेली, म्हणून आधी उशीर माफ करून घेण्यासाठी झगडावं लागलं. घर वाचलं, पण दोन वर्षं आणि गळ्यातलं सोनं गेलं.

त्यांना दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, प्रत्येक दाव्याला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरबसल्या दिसतं. वकील नेमल्याच्या आठवड्यातच हा नंबर मागून घ्या. दोन, १९८७च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

वकील बदलावा लागला तर घाबरू नका. फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये सांगितलं आहे. हिशेब मिटवा, नवीन वकीलपत्रासाठी जुन्या वकिलाची नाहरकत घ्या. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक न्यायालयात नाही, हे २०२४च्या निकालाने स्पष्ट झालं आहे.

शेवटी एवढंच. चांगला वकील तडजोडीची वेळही दाखवतो. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं, म्हणून तिथेही सही करण्याआधी मजकूर वाचा. कायदा वकिलाला कळतो. पण घर आपलं, दुकान आपलं, भाऊ आपला. कुठे थांबायचं हे आपणच सांगायचं असतं. एक वही करा, प्रत्येक तारीख आणि प्रत्येक रुपया तिच्यात लिहा.

जय हिंद.