सांध्यांचा आवाज

मराठी घरांत बोटें मोडण्याचे दोन अर्थ आहेत. आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटें मोडते, ती त्याची दृष्ट निघावी म्हणून. आणि शेजारीण शेजारणीच्या नांवानें बोटें मोडते, ती तिचें वाटोळें व्हावें म्हणून. आवाज मात्र एकच! त्यांत आणखी एक समज असा, कीं बोटें मोडणाऱ्याचे सांधे म्हातारपणीं धरतात.

वस्तुतः हा आवाज हाडावर हाड आपटल्याचा नव्हे. बोटाच्या मुळाशीं सांध्याभोंवतीं एक बंद पिशवी असते आणि तींत अंड्यांतील पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव असतो. सोडावॉटरच्या बाटलींतला कर्बाम्ल वायु ह्या द्रवांतही विरघळलेला असतो. बोट ओढलें कीं हाडांमधील जागा एकदम वाढते, आंतील दाब उतरतो व वायूचा बुडबुडा तयार होतो. १९४७ सालीं रॉस्टन व हेन्स ह्यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें ही पोकळी दाखविली. पण आवाज बुडबुडा होतांना निघतो कीं फुटतांना? १९७१ सालीं लीड्सच्या संशोधकांनीं 'फुटतांना' म्हटलें. २०१५ सालीं कॅनडांत चुंबकीय चित्रें घेणाऱ्यांनीं 'होतांना' म्हटलें. २०१८ सालीं गणितानें पुन्हा फुटण्याचा पक्ष घेतला. एवढ्याशा आवाजासाठीं केवढा हा वाद! एकदां मोडलेलें बोट सुमारें वीस मिनिटें पुन्हा वाजत नाहीं, हें मात्र वर्गांतल्या कोणत्याही द्वाड मुलाला ठाऊक असतें.

कॅलिफोर्नियांतील डॉ. डोनाल्ड अंगर ह्यांना आई, मावश्या आणि पुढें सासूबाईही संधिवाताचें भय घालीत. त्यांनीं पन्नास वर्षें केवळ डाव्या हाताचीं बोटें दिवसांतून दोनदां तरी मोडलीं. १९९८ सालीं पाहतां संधिवात कोणत्याच हातांत नव्हता. एका माणसावरून सिद्धांत मांडूं नये हें खरें. पण पुढें अनेकांच्या हातांचीं क्ष-किरणचित्रें तपासलीं तेव्हांही निराळें कांहीं आढळलें नाहीं.

गुडघ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथें कधीं स्नायूची दोरी हाडाच्या उंचवट्यावरून सटकते, कधीं झिजलेली कूर्चा करकरते. नुसत्या करकरीला भिऊन पुष्कळ लोक जिना आणि फिरणें सोडतात. मांडीचे स्नायु त्यामुळें रोडावतात व गुडघ्यावरील भार अधिकच जाणवूं लागतो. हें भय आवाजाहून घातक.

आवाजाबरोबर वेदना वा सूज असेल, सांधा मध्येंच अडकत असेल, किंवा चालतांना गुडघा दगा देत असेल, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें. खेळतांना एकदांच मोठा आवाज होऊन थोड्याच तासांत गुडघा सुजला, तर आंतला बंध तुटल्याचा संभव असतो. तो चोळूं नये, कोणाकडून ओढवूनही घेऊं नये. आणि सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर आवाज असो वा नसो, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. जंतु आंत शिरले असल्यास कूर्चा नासावयास थोडे दिवसही पुरतात.