श्रावक आणि श्रवण : कानांच्या तपासणीविषयी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘श्रावक’ या शब्दाच्या मुळाशी ‘श्रु’ हा धातू आहे. जो श्रवण करतो तो श्रावक. जैन दर्शनाने जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा तिचा क्रम आहे. मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा. श्रोत्र हे पाचवे. जिनवाणी दीर्घकाळ गुरुमुखातून शिष्याच्या कानी अशीच उतरत आली आणि ती ग्रंथारूढ झाली त्याचे स्मरण श्रुतपंचमीला केले जाते. ज्या परंपरेत श्रवणाला इतके मोल आहे, तेथे कानांच्या आरोग्याचा विषय परका मानण्याचे कारण नाही.

तरीही या विषयाकडे दुर्लक्ष होते. प्रत्येक गावच्या मंदिरात एखादे आजोबा असतात. प्रवचनाला ते नेमाने येतात, इतरांनी मान डोलावली की डोलावतात, इतर हसले की हसतात. शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचणे केव्हाच थांबलेले असते. घरची मंडळी म्हणतात, “हल्ली ऐकून न ऐकल्यासारखे करतात.” आजोबा म्हणतात, “लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.” दोघांचेही आपापल्या परीने चुकते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द उमगत नाही. ही घट इतकी सावकाश होते की ज्याची होते त्यालाच ती सर्वांत शेवटी कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. चष्मा लावताना कोणी संकोचत नाही. कानांच्या तपासणीला जाताना मात्र पाऊल अडखळते. तेथे काय होते याची माहिती नसणे, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

तपासणीला साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. जाताना पूर्वीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी जवळ असावी, कारण काही औषधांचा परिणाम श्रवणशक्तीवर होतो. आदल्या दिवशी बँड, फटाके, ध्वनिवर्धक यांच्या गोंगाटापासून दूर राहावे. कानात तेल, काडी वा पिन घालू नये. घरातील एक जबाबदार व्यक्ती बरोबर असणे उत्तम; आजोबांना जे जाणवत नाही ते तिने पाहिलेले असते.

प्रारंभी विचारपूस होते : त्रास केव्हापासून, एका कानाचा की दोन्ही, कानात गुणगुण वा चक्कर आहे काय, गिरणीत किंवा यंत्रांच्या खडखडाटात काम केले आहे काय. मग दिव्याच्या लहानशा उपकरणाने कानाची नळी व पडदा पाहतात. पुष्कळदा साचलेला मळ हाच दोषी निघतो व तो काढल्यावर बराच फरक पडतो.

यानंतरची मुख्य चाचणी आवाजबंद खोलीत होते. कानांवर हेडफोन बसवतात आणि वेगवेगळ्या पट्टीचे सूर क्रमाक्रमाने क्षीण करीत ऐकवतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचे अथवा हात वर करायचा, एवढेच काम. येथे सत्याणुव्रताचा एक लहानसा पाठच असतो. ऐकू न येता अंदाजाने बटण दाबले, तर दोष झाकला जातो. खात्री नाही म्हणून पुसट सुराला प्रतिसादच दिला नाही, तर दोष वाढवून नोंदला जातो. पुढील सारे उपचार याच नोंदीवर ठरतात. ही परीक्षा नव्हे. तीत कोणी नापास होत नाही.

पुढे कानामागच्या हाडावर एक छोटे कंपक ठेवून तीच चाचणी घेतात. हाडावाटे सूर नीट ऐकू आला आणि हवेवाटे आला नाही, तर दोष बाह्य वा मध्य कर्णात आहे असे समजते. दोन्ही मार्गांनी सारखेच कमी ऐकू आले, तर तो अंतर्कर्णात किंवा नसेत असतो. मधूनच दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा आवाज सोडतात. त्या कानाने मदत करू नये, हा त्यामागचा हेतू. नंतर शब्द ऐकवून ते पुन्हा उच्चारण्यास सांगतात. हे शब्द रुग्णाच्या मातृभाषेतील असावेत, असा आग्रह कुटुंबाने अवश्य धरावा. आवश्यकतेनुसार कानात मऊ बोंडूक बसवून हवेचा दाब बदलतात व पडद्याची हालचाल मोजतात. त्या वेळी किंचित दडा बसल्यासारखे वाटते. या कशातही सुई नाही वा भूल नाही.

शेवटी हाती आलेख येतो. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० डेसिबलपेक्षा कमी ही सामान्य श्रवणशक्ती, तर ३५ ते ५० च्या दरम्यान मध्यम दोष मानला जातो. श्रवणयंत्र लागणार असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडूनच ते बसवून घ्यावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कार्यात आहे. गरजूंना केंद्र शासनाच्या योजनेतून श्रवणयंत्रासाठी साहाय्यही मिळते.

दोन गोष्टींत विलंब नको. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे. येथे दिवस मोलाचे असतात. तसेच नवजात बालकाची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी. ती झोपलेल्या बाळावर सहज होते आणि तिच्यावर त्याचे बोलणे अवलंबून असते.

पर्वाच्या अखेरीस घरोघरी क्षमायाचना होते. वर्षभर ज्या आजोबांवर ‘किती वेळा सांगायचे?’ म्हणून सारे खेकसले, त्यांच्यापुढेही हात जोडले जातात. ती क्षमायाचना त्यांच्या कानी पोचते की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. या वर्षी पर्वापूर्वी एखाद्या नातवाने आजोबांना तपासणीला न्यावे. मग त्या दिवशी जोडलेल्या हातांबरोबर शब्दही त्यांना मिळतील.

जय जिनेंद्र!